हे नक्की कुणाकडचं?

आमच्या आईवडिलांचा एक खटला गेली चाळीस वर्षं चालू आहे. विषय दर आठवड्याला बदलतो, मुद्दा तोच: हे नक्की कुणाकडचं? माझे गुडघे दुखतात, ते कुणाच्या घराण्याचे गुडघे? धाकटीची नववीत गणितात दांडी उडाली, ते कुणाकडचं डोकं? बाबा कोकणातले, आई घाटावरची, नाशिकच्या बाजूची. बाबांच्या मते आम्हा दोघी बहिणींत जे काही बरं आहे ते कोकणातून आलं आणि जे काही बिघडलेलं आहे ते घाट उतरून आलं. आईचं मत बरोबर उलटं.

या खटल्यात आईने कधीच हार मानलेली नाही. हार मानणं हा प्रकारच तिच्यात नाही. एकदा तिने शिऱ्यात साखरेऐवजी मीठ घातलं. बाबांनी पहिलाच घास थुंकला. आईने शांतपणे स्वतःची वाटी संपवली, वर आणखी एक चमचा वाढून घेतला आणि म्हणाली, "मला तर छान लागतोय. तुमच्याच तोंडाला चव नाही." नंतर दोन तास ती तांब्याने पाणी पीत होती. पण कबूल करायचं? नाव नको.

मी राहते त्यांच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये, मुलुंडला. मध्ये एक आंब्याचं झाड आणि दोन खिडक्या. त्यामुळे खटल्याची प्रत्येक तारीख मला घरबसल्या ऐकू येते.

माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही. सगळे म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात. बोलायला लागला तेव्हा तो तुमच्या डोळ्यांत न बघता कानाकडे बघून बोलायचा. आनंद झाला की दोन्ही हात जोरजोरात हलवायचा. कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचा. एका डॉक्टरने सांगितलं लाडावलाय, दुसऱ्याने सांगितलं टीव्ही बंद करा. टीव्ही आमच्याकडे तेव्हा बिघडलेलाच होता. शेवटी तो सहा वर्षांचा असताना एका शहाण्या डॉक्टरने रक्त तपासायला लावलं आणि नाव कळलं: फ्रॅजाइल एक्स. जन्मापासूनचं, जनुकातलं, आईकडून आलेलं. म्हणजे माझ्याकडून.

त्या दिवशी मी खूप रडले. मग मला राग आला. राग मला पटकन येतो आणि रडण्यापेक्षा तो जास्त कामाला येतो. ज्यांनी ज्यांनी मला 'तू लक्ष देत नाहीस' असं ऐकवलं होतं, त्या सगळ्यांना मी त्या आठवड्यात फोन केले. दोघींनी अजून माझ्याशी बोलणं टाकलंय. झकास झालं.

बाबांनी मात्र ती बातमी वेगळ्याच कानाने ऐकली. "आईकडून आलं ना? मग झालं तर! तुझ्याकडे तुझ्या आईकडून आलं. तिच्या माहेरचं ते." पुरावा म्हणून त्यांनी आमचा मामा काढला. मामा लग्नाकार्याला जाताना स्वतःचं ताट आणि पेला पिशवीत घालून न्यायचा, बाहेरच्या भांड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. माणूस विक्षिप्त होता, एवढंच. पण बाबांना तेवढं पुरलं. उठता बसता एकच: "तुझ्या माहेरचं!" आई पोळपाट आपटून उत्तर द्यायची, "माझ्या माहेरी सगळे शिकलेले. तुमच्याकडे बघा आधी."

याचा परिणाम असा झाला की माझ्या लेकाने ते वाक्य उचललं. त्याला एखादं वाक्य आवडलं की ते तो महिनोन्‌महिने वापरतो, आणि नक्कल अशी की माणूस समोर उभा राहावा. बाबांच्या आवाजात, बाबांसारखी मान उडवून तो वॉचमनला म्हणायचा, "तुझ्या माहेरचं!" बँकेत काउंटरवरच्या बाईंना म्हणाला. लिफ्ट बंद पडली तेव्हा लिफ्टला म्हणाला. मी लाजून अर्धी व्हायचे आणि हसून उरलेली.

पुढे, तो दहा वर्षांचा असताना, आम्हाला जनुकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. घरातल्या सगळ्यांची माहिती घेऊन या, वंशावळ असेल तर उत्तमच, असा निरोप होता. वंशावळ! बाबांच्या अंगात वारंच शिरलं. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांनी दुसरं काय केलं होतं? गावी जाऊन, भाऊबंदांना छळून, त्यांनी अकरा पिढ्या शोधल्या होत्या आणि त्या एका लांबलचक कागदावर छापून घेतल्या होत्या. ती गुंडाळी काखेत मारून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आमच्या आधी रिक्षात बसले. आईही आली. खटल्याची एवढी मोठी तारीख ती चुकवणार होती थोडीच!

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. बाबांनी तिच्या टेबलावर कागद पसरला. दोन टोकांवर तिचे पेपरवेट ठेवले, तिसऱ्यावर तिचाच मोबाइल. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"काका, यात बायका कुठे आहेत?"

"वंशावळीत बायका नसतात," बाबा म्हणाले.

"मग ही अकरा पिढ्यांची माणसं जन्माला कुणी घातली?"

आई खोकली. तो खोकला मी ओळखते, त्याला हसू म्हणतात.

मग त्या मुलीने कोऱ्या कागदावर आम्हाला समजावलं. बाईकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाप मुलाला वाय देतो आणि आपला एक्स देतो तो फक्त मुलींना, पण प्रत्येक मुलीला देतो. या एक्सवरच्या एका जनुकात एक बारीक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. तो सगळ्यांतच असतो, कुणात कमी, कुणात जरा जास्त. ज्याच्यात जरा जास्त तो वाहक. तो नोकरी करतो, लग्न करतो, भांडतो, त्याला पत्ताही नसतो. वाहक बापाकडून मुलीकडे येताना तो तुकडा सहसा फार वाढत नाही. मुलगीही वाहक होते आणि माझ्यासारखी धडधाकट फिरते. पण वाहक आईकडून मुलाकडे जाताना तो कधीकधी वाढत सुटतो, आणि एका मर्यादेपलीकडे गेला की ते जनुक कामच थांबवतं. माझ्या लेकाचं तसं झालं होतं.

"म्हणजे बघा काका," ती वंशावळीवर बोट ठेवून म्हणाली, "हा दोष बापाकडून मुलाकडे जाऊच शकत नाही. आणि तुमच्या कागदावर बापाकडून मुलाकडे अशाच सगळ्या रेघा आहेत. ज्या वाटेने हा कधी जात नाही, नेमकी तेवढीच वाट तुम्ही छापून आणलीत."

बाबांनी विजयाने आईकडे पाहिलं. "ऐकलंस? आमच्या घराण्यात नाही म्हणतायत त्या!"

त्या मुलीने कपाळाला हात लावला नाही, यात तिचे संस्कार दिसले. तिने फक्त विचारलं, "घरात वयस्कर पुरुषांपैकी कुणाचा हात थरथरतो का? चालताना तोल जातो?" काही वाहक पुरुषांना उतारवयात तसा त्रास होतो म्हणे. बाबांनी वंशावळ पुन्हा गुंडाळून मांडीवर घेतली होती, आणि ती गुंडाळी त्यांच्या हातात आपोआप सळसळत होती.

"तुमची टेस्ट करू या का काका?"

"माका काय एक झाला नाय," बाबा म्हणाले. मालवणी बाहेर आली की समजायचं, विषय संपला. चहाचा कप बशीत वाजतो तो चहा गरम असतो म्हणून, जिन्यात कठडा धरायचा तो नवीन रंग बघायला, अशी त्यांची एकेका गोष्टीला उत्तरं तयार असतात.

आता खरी गोष्ट. मला जे झालं ते झालं, माझा मुलगा माझ्यासमोर आहे आणि तो मला जसा आहे तसा प्रिय आहे. प्रश्न होता धाकटीचा. ती तेव्हा तेहतीस वर्षांची, बोरिवलीला राहते, लग्नाला चार वर्षं झालेली. तिला मूल हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिने कपाटाचा एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. आणि वर्षभरापासून तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली होती. डॉक्टरने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, काही वाहक बायकांची पाळी फार लवकर थांबते. बहिणीला तपासून घ्या. वाहक असेल तर वेळ घालवू नका, हातात वेळ असला तर गर्भ तपासून पुढे जायचे मार्ग आहेत.

मी धाकटीला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आईकडून आलं असेल तर मला असण्याची शक्यता किती?"

"अर्धी."

"आणि बाबांकडून आलं असेल तर?"

"नक्कीच आहे."

"मग मी अर्ध्यावर थांबते ताई," ती म्हणाली. "एवढं अर्धं राहू दे ना माझ्याकडे."

मी भांडले, समजावलं, एकदा तर लॅबच्या माणसाला घरी घेऊन गेले. तिने त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली आणि परत पाठवलं. दीड वर्ष गेलं. माझ्या डोक्यात तिडीक उठायची. महिने जात होते, आणि ही बाई अर्ध्यावर मांडी घालून बसली होती. बाबा टेस्ट करत नव्हते, धाकटी करत नव्हती. कुणाला म्हणून बोलायचं?

तेव्हा आई उठली. एका दुपारी ती माझ्याकडे आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "माझं रक्त तपासायचं. त्यांना ताकास तूर लागू द्यायची नाही. माझ्या माहेरावरचा हा डाग मी धुऊन टाकणार." बाबांना तिने भजनी मंडळाचं सांगितलं. हातात टाळ घेऊन ती घराबाहेर पडली. घाटकोपरला मेट्रो पकडून आम्ही अंधेरीच्या लॅबमध्ये गेलो आणि तिने टाळ मांडीवर ठेवून रक्त दिलं. येताना ती इतकी खुशीत होती की मेट्रोत अनोळखी बायकांना स्वतःहून जागा देत होती. बाबांना काय सुनवायचं ते तिचं पाठ करणं चालू होतं. सुरुवात "अहो, जरा बसा" अशी होती. मधे मामाचं नाव मानाने यायचं. आणि शेवटी ते सगळे कोकणातले पूर्वज एका रांगेत उभे राहायचे.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट घ्यायला पुन्हा टाळ घेऊन निघालो. तिथल्या बाईंनी वाचून सांगितलं, "आजी, तुमचं एकदम स्वच्छ आहे. तुमच्याकडून आलेलं नाही."

आईने डोळे मिटून देवाला नमस्कार केला. चेहरा असा फुलला की काय सांगू! लग्नाच्या फोटोतही ती इतकी खूश दिसत नाही.

"म्हणजे तुमच्या मिस्टरांकडून," त्या बाई पुढे म्हणाल्या. "आणि मग तुमच्या दुसऱ्या मुलीलाही नक्की आहे. तिला लवकर घेऊन या."

हे मला आधीपासून कळत होतं. मला वाटलं होतं तिलाही कळतंय. तिला नव्हतं कळलं. ती आपली माहेरच्या अब्रूसाठी निघाली होती. तिचा चेहरा उतरत गेला, तिने रिपोर्टची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि परतीच्या वाटेवर टाळसुद्धा वाजणार नाही असे धरून बसली.

मी वाट बघत होते, समोरच्या खिडकीतून आज बॉम्ब फुटणार. काहीच फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. बाबा "तुझ्या माहेरचं" म्हणायचे आणि आई भाजी चिरत राहायची. आठव्या दिवशी मी तडक त्यांच्याकडे गेले. बाबा खाली पेपर वाचत बसले होते. रिपोर्ट आईने तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला होता.

"सांगत का नाहीस?"

"सांगितलं की मी सुटले," आई म्हणाली. "आणि तिचं अर्धं गेलं. मला नको असली सुटका. माझ्या माहेरचं म्हणून खपतंय ना, खपू दे."

"आणि तिचे दिवस चाललेत ते?"

"थोडे दिवस थांब."

"आई, ती पस्तीस पूर्ण करेल आता! तुझ्या मायेने तिची वाट लागेल, कळतंय का तुला?" मी ओरडले. आई रडली. मीही रडले. शेवटी ठरलं की रविवारपर्यंत मी गप्प बसायचं. रविवारी धाकटीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. आई म्हणाली, जेवण झाल्यावर तिला एकटीला आत घेऊन मी सांगते. मला तिचा भरवसा नव्हता, पण शब्द दिला.

रविवारी धाकटीने कोंबडी-वडे केले होते. आम्ही सगळे टेबलाभोवती, जावई वाढत होते. माझा लेक आपली खुर्ची खिडकीकडे वळवून रस्त्यावरच्या बस मोजत जेवत होता. एक बस स्टॉपवर न थांबताच गेली. तो बाबांसारखी मान उडवून तिला म्हणाला, "तुझ्या माहेरचं!"

सगळे हसले. बाबांना तर चेवच आला. "बघा जावईबापू, एवढ्या पोराला कळतं. आमच्या मंडळींना सहा वर्षं सांगतोय, हे त्यांच्या माहेरचं, पण पटेल तर शपथ!"

आता आईची पाळी होती. आम्ही सवयीने तिच्याकडे बघितलं. तिने वाटीतला रस्सा ढवळला आणि खाली बघून म्हणाली, "हो. माझ्याच माहेरचं आहे ते. चूक माझी."

बाबांच्या हातातला वडा तिथेच थांबला. चाळीस वर्षांनी ते खटला जिंकले होते आणि त्यांच्या तोंडावर आनंद म्हणून नव्हता. ते घाबरले होते. मला म्हणाले, "हिला ताप आहे का बघ गं."

"ताप कसला? म्हटलं ना, माझ्या माहेरचं. जेवा आता."

धाकटी हातातला पळा धरून उभी होती. तो तिने हळूच खाली ठेवला.

"आई, तू टेस्ट केलीस."

"कसली टेस्ट? जावईबापूंना रस्सा वाढ."

"माझ्या लग्नात तू ह्यांच्या आईची माफी मागितली नाहीस, आणि तेव्हा तर चूक शंभर टक्के तुझी होती. आज तू बाबांसमोर चूक माझी म्हणतेस?" ती माझ्याकडे वळली. "ताई, रिपोर्ट काय आला?"

मी शब्द दिला होता. पण तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही. "आईचा स्वच्छ आला," मी म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. आयुष्यात एकदाच तिने हार मानली आणि त्यातच सगळं उघडं पाडून बसली.

बाबा हळूहळू जुळवत होते. "स्वच्छ म्हणजे हिच्याकडून नाही. म्हणजे..." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ धाकटीकडे बघितलं. "म्हणजे तुला. नक्की." त्यांचा हात थाळीवर वाजायला लागला तसा त्यांनी तो टेबलाखाली घेतला. धाकटीने वाकून तो मनगटाला धरून पुन्हा वर ठेवला आणि तसाच धरून राहिली.

"मला जिंकायचं नव्हतं गं," आई रडत म्हणाली. "देवाशपथ सांगते, या खेपेला नव्हतं जिंकायचं."

"उद्या माझंही रक्त काढा," बाबा म्हणाले.

"तुमचं आता कशाला?" मी विचारलं. "कळलं की सगळं."

"लेखी असलेलं बरं. ही बाई परत माझ्यासाठी खोटं बोलेल."

यावर आई रडता रडता हसली. मग जावईही हसले, आणि बाबांचे डोळे भरून आले. धाकटी हसली नाही. तिने डोळे पुसले, बाबांचा हात सोडला नाही, आणि मला म्हणाली, "दीड वर्ष त्या अर्ध्याला कवटाळून बसले ताई. मूल काही झालं नाही. सकाळी पहिला नंबर लाव."